दोनशे पावलांच्या आत

आमच्या घरची सकाळ आवाजांच्या ठरलेल्या क्रमानं होत असे. तो क्रम मला अजून पाठ आहे. आधी विहिरीवरच्या रहाटाची करकर, मग वाडीत सोडलेल्या पाण्याची सुपारीच्या बुंध्यांभोवती होणारी बारीक खळखळ, मग आईच्या तांदळाच्या भाकरीच्या थापा, आणि सगळ्यांत शेवटी ओटीवर अण्णांचं खाकरणं. अण्णा खाकरले की समजायचं, त्यांनी पेटी उघडली. ती सागवानी पेटी म्हणजे आमच्या गावाची पंचायत होती. अण्णा गावच्या शाळेत मास्तर होते आणि पंचायतीचे चिटणीसही होते. पंचायतीला स्वतःची कचेरी नव्हती. सभा शाळेच्या पडवीत व्हायची आणि कागद आमच्या ओटीवर राहायचे: घरपट्टीची वही, विहिरींची नोंद, परवान्यांच्या नकला, लोकांचे अर्ज. प्रत्येकाला वेगळं फडकं आणि वेगळी गाठ. सातवीची परीक्षा झाल्यावर माझी शाळा संपली. गावात पुढचा वर्ग नव्हता आणि मुलीला अलिबागला ठेवायची सोय नव्हती. तेव्हापासून त्या गाठी सोडणं-बांधणं माझ्याकडे आलं. माझं अक्षर अण्णांच्या अक्षरापेक्षा सुबक होतं. मी तेव्हा पंधरा वर्षांची होते आणि या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

अण्णांनी मला एकच नियम शिकवला होता. "इंदू, कागदावर डोळ्यांना दिसेल ते लिहायचं. मनात येईल ते नाही, कुणी सांगेल तेही नाही." मी तो नियम घरातसुद्धा पाळायची. पावसाळ्याची बेगमी भरताना आईच्या मागं वही घेऊन फिरायची: वाल एक पोतं, कुळीथ अर्धं, आमसुलं एक बरणी, मीठ दोन मडकी, सुके बोंबील तीन जुड्या, जवळा एक डबा. आई म्हणायची, "लिहून काय जवळा वाढतो का गं?" वाढत नसे, पण श्रावणात संपला तर तो कुणी संपवला हे सांगता येई. आज माझी पन्नाशी उलटली आहे. मुलींच्या एका वसतिगृहाचं काम मी बरीच वर्षं पाहते आणि माझ्या याद्यांना तिथं सगळे हसतात. हसू देत. मी याद्यांवर विश्वास ठेवते, पण आंधळा ठेवत नाही, आणि तो तसा का ठेवत नाही ते मला या प्रकरणात लिहून ठेवायचं आहे.

त्या काळी आमच्याकडे काडेपेटी जपून वापरत. सकाळी ज्या घरची चूल आधी पेटे त्या घरून विस्तव मागून आणायचा. नारळाच्या सोडणात दोन निखारे घ्यायचे, वर थोडी राख टाकायची, आणि वारा लागू नये म्हणून दुसऱ्या हाताचा आडोसा करून गल्लीतून भरभर चालायचं. घरोघरच्या पोरी हे काम करत. कुणाच्या विस्तवाला नाही म्हणायचं नाही, अशी रीत होती. भांडण असलं तरी विस्तव द्यायचा आणि मग भांडायचं. सगळ्या गावातून सकाळी असा विस्तव हिंडत असे, आणि घरं बहुतेक झावळ्यांनी शाकारलेली. त्यामुळे गुजराती व्यापारी हिराशेटनं बाजारातल्या आपल्या दुकानामागं रॉकेलच्या डब्यांची थप्पी लावायला सुरुवात केली तेव्हा बाजारातले लोक घाबरले ते योग्यच होतं. आधी शेट महिन्याला चार-दोन खोकी आणायचा. मग घरोघर कंदील झाले, आसपासची गावंही त्याच्याकडून रॉकेल नेऊ लागली आणि बंदरात पडाव भरून डबे उतरू लागले. बाजारातल्या घरवाल्यांनी सह्या करून अर्ज दिला. पंचायतीनं तो पहिल्याच सभेत घेतला आणि ठराव केला: राहत्या घरापासून दोनशे पावलांच्या आत रॉकेलचा साठा करू नये. ठराव उत्तम होता. मीच त्याची नक्कल केली होती.

आता शेटला नवी जागा हवी होती. किनाऱ्याच्या वाळूवर, सुरूच्या झाडांच्या कडेला, होड्या दुरुस्त करण्याची एक जुनी पत्र्याची वखार रिकामी पडली होती. ती त्यानं मागितली. पंचायतीनं चिटणीसाला पाहणी करून दोनशे पावलांतल्या राहत्या घरांची यादी द्यायला सांगितलं. दिवस आषाढाचे होते. अण्णांना हिवताप भरला होता. तीन घोंगड्यांखाली ते दात वाजवत पडले होते आणि कोयनेलच्या गोळ्यांनी त्यांचे कान बंद झाले होते. अध्यक्ष तात्यांचा शिपाई दोनदा येऊन गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा अण्णांनी मला जवळ बोलावलं. "तू जा. वखारीच्या चारी कोपऱ्यांपासून पावलं मोज. नीट पाहा. घर दिसलं तर घरवाल्याच्या नावासकट लिही."

मी डोक्यावर इरलं घेतलं आणि वही पोटाशी गुंडाळली. वाळूवर चिटपाखरू नव्हतं. समुद्र मातकट झाला होता. होड्या वर ओढून झावळ्यांनी झाकल्या होत्या. मी चारी बाजूंना दोनशे-दोनशे पावलं मोजली, मोठी पावलं टाकून, पुरुष टाकतात तशी. एका बाजूला सुरू, एका बाजूला खाजण, दोन बाजूंना उघडी वाळू. त्या वाळूत ओळीनं लहान लहान खड्डे होते आणि त्यांत पावसाचं पाणी साचलं होतं. चार इथं, चार तिथं. मी ते ओलांडत चालले. एका खड्ड्यात माझा पाय गेला आणि घोट्यापर्यंत भिजला, तेही मला आठवतं. ते खड्डे कशाचे, हे मला पक्कं ठाऊक होतं. दसऱ्यानंतर कोळी मंडळी तिथं चार मेढी रोवून खोपटी बांधत. बोंबील वाळत घातले की राखणीला माणूस लागतं, म्हणून अख्खी कुटुंबं चुली-पोरांसकट तिथं राहायला येत. वैशाख संपता संपता खोपटी मोडून ती बांधापलीकडच्या कोळीवाड्यात परतत. आमच्या बेगमीतले बोंबील मी दरवर्षी त्यातल्याच साळूबायच्या खोपटीच्या दारातून आणत असे. पण त्या दिवशी वाळूवर खोपटं नव्हतं. दिसेल ते लिहायचं. मी घरी येऊन स्वच्छ अक्षरांत लिहिलं: "दोनशे पावलांच्या आत राहते घर एकही नाही. समक्ष पाहणी केली." अण्णांनी पडल्या पडल्या कागद उशीवर ठेवून सही केली.

दसरा झाला. वाळूवर खोपटी उभी राहिली, आणि बंदरात पडाव लागून पत्र्याच्या वखारीत डबे गेले. पहिली बातमी आम्हाला आमच्या चुलीनं दिली. माघ लागताच साळूबायनं नवे बोंबील आणून दिले. आईनं त्यांतले दोन निखाऱ्यांवर भाजायला टाकले आणि नाक मुरडलं. "ह्याला रॉकेलचा वास येतोय." मला आधी खरं वाटलं नाही. मग मी तुकडा तोंडात घातला आणि थुंकला.

दुसऱ्या दिवशी साळूबाय स्वतःच आली. उंच, काळी, करकचून नेसलेलं लुगडं, डोक्यावर पाटी. ती कधी ओटीच्या पायरीवर बसत नसे, उभ्यानंच बोले. त्या दिवशी बसली.

"मास्तर, बाजारात माझी म्हावरं परत आली. गिऱ्हाईक तोंडावर फेकतंय. म्हनतंय, साळूबाय, बोंबील खावं की कंदिलात घालावं?"

अण्णा हसले नाहीत. "डबे गळतायत?"

"गळत्यात काय, वततच हाय तो शेट! मोठ्या डब्यांतनं लहान डब्यांत भरतंय, तितंच, आमच्या दारासमोर. वाळू पिऊन पिऊन काळी झालीय. बोंबलाचं जाऊ द्या. सकाळी पोरी इस्तू घेऊन तितनंच जात्यात. माझी चंद्री जाते. एक ठिणगी पडली म्हंजे? पंधरा खोपटी हायत तितं, बारकी बारकी पोरं हायत." तिनं माझ्याकडं पाहिलं. "इंदूबाय, अर्जी लिव. बाजारवाल्यांनी लिवली तशी. अंगठं मी आनते."

मी अर्ज लिहिला. त्याला खोपट्यांची यादी जोडली. या वेळी वाळूवर जाऊन, प्रत्येक दारात उभी राहून, नावं विचारून केली. पंधरा खोपटी, लहान-मोठी मिळून चौसष्ट माणसं. चंद्री माझ्याबरोबर फिरत होती. ती माझ्याच वयाची होती. तिचं लग्न रेवदंड्याच्या एका घरात ठरलं होतं आणि ती ते येईल-जाईल त्याला ऐकवत होती. "माझं नाव बारीक लिव," ती म्हणाली, "वैशाखात खोडायचंच हाय." सगळ्यांत जवळचं खोपटं त्यांचंच निघालं. वखारीपासून अठरा पावलं.

मी अर्ज अण्णांपुढं ठेवला. त्यांनी तो वाचला, यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचली. मग म्हणाले, "ठेव. बघू." कागद कुठल्याच फडक्यात गेला नाही. पेटीच्या तळाशी, टीपकागदाखाली गेला. अर्ज सभेपुढं आला की आषाढातली यादी उघडावी लागणार होती. त्या यादीवर "समक्ष पाहणी केली" असं होतं. सही त्यांची होती, आणि ज्या दिवसाची सही त्या दिवशी ते घोंगड्यांखाली होते हे शिपायानं डोळ्यांनी पाहिलं होतं. खोटी पाहणी लिहिणारा चिटणीस, आणि त्यावर मास्तर. मी हे सगळं समजून होते. अण्णा दोनदा हिराशेटकडं जाऊन आले, गोडीनं सांगून पाहिलं. शेट म्हणाला, "मास्तर, जागा मी बळजबरीनं घेतली नाय. मी कागद मागितला, तुम्ही दिला. आता सीझनमधी माल कुठे नेऊ, बोलो ने?" त्याच्या बाजूनं तो खोटं बोलत नव्हता. अकरा दिवस गेले. रोज सकाळी मी पेटीतली फडकी झटकून ठेवायची आणि टीपकागदाला हात लावायची नाही.

बाराव्या दिवशी सकाळी, भाकऱ्या चालू असताना, वाळूकडून ओरडा आला. कोळणी मोठ्यानं बोलतातच, त्यामुळे आधी कुणी लक्ष दिलं नाही. मग आई थांबली. हातातलं पीठ तसंच ठेवून ती उठली आणि आम्ही दोघी धावलो.

चंद्री काकीच्या खोपटीतून विस्तव घेऊन येत होती. सोडणातला एक निखारा निसटला. इतर कुठं पडता तर वाळूत विझला असता. तिथली वाळू पेटली. पाहणारे सांगत होते की आग पाण्यासारखी जमिनीवरून धावली. सकाळचा मतलई वारा होता, जमिनीकडून समुद्राकडं वाहणारा, म्हणून ती वखारीकडं न जाता उघड्या वाळूवरून पाण्याच्या दिशेनं गेली. दुपार असती, वारा फिरलेला असता, तर काय झालं असतं हे त्या दिवशी गावात कुणी मोठ्यानं बोललं नाही. बाप्यांनी ओली जाळी टाकून आग दाबली. चंद्रीला साळूबायनं पाण्यात ओढत नेलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा ती खाऱ्या पाण्यात बसली होती आणि रडत नव्हती. ते मला फार भयंकर वाटलं. उजवा पाय गुडघ्यापर्यंत भाजला होता. त्याचं वर्णन मी करणार नाही. साळूबायनं माझ्याकडं वर पाहून एवढंच विचारलं, "अर्जी दिलीस ना तू?"

मी मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही.

आईनं घरी येऊन खोबरेल आणि चुन्याची निवळी काशाच्या थाळीत घेतली आणि तळहातानं फेटायला लागली. लोण्यासारखं घट्ट पांढरं होईपर्यंत फेटावं लागतं. तळहाताचा थाळीवरचा तो चप-चप आवाज पुढं दोन महिने आमच्या घरातल्या सकाळच्या आवाजांमध्ये होता, भाकरीच्या थापांच्याही आधी. अण्णा ओटीवरून आत आले आणि टीपकागदाखालचा कागद त्यांनी आईसमोर धरला. "हा मी सभेपुढं ठेवला नाही," ते म्हणाले.

"मला ठाऊक होतं," मी म्हटलं. "मी पण बोलले नाही."

आईनं फेटणं थांबवलं नाही. "छान. बाप-लेकींनी मिळून एक कागद नीट जपला. आता हे तेल घेऊन जा आणि लेकीचा पाय कसा आहे ते तिच्या आईला विचारून या. दोघंही जा."

आम्ही दोघंही गेलो. अण्णा खोपटीत वाकून शिरले. साळूबायनं त्यांना बसायला पाट दिला. ती रीत तिनं मोडली नाही, आणि त्या पाटावर बसणं अण्णांना किती जड गेलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. मग मी रोज तेल घेऊन जाऊ लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी चंद्री प्रथम बोलली. "इंदे, ह्या पांढऱ्या तेलानं पाय गोरा व्हनार काय गं? एकच गोरा झाला तर नवरा म्हनंल, गोरी बायको अर्धीच दिली." आम्ही दोघी हसलो. हसताना तिचा पाय हलला आणि तिनं माझं मनगट इतकं दाबलं की तिच्या नखांच्या खुणा संध्याकाळपर्यंत राहिल्या.

सभा पुढच्या आठवड्यात भरली. शाळेच्या पडवीत सतरंजीवर पंच, मधे अध्यक्ष तात्या, कडेला पेटी घेऊन अण्णा. हिराशेट खांबाला टेकून. अंगणात कोळीवाडा अख्खा उभा. आम्ही बायका वर्गाच्या खिडकीत. तात्या वाईट माणूस नव्हते, पण कागदाबाहेरचं त्यांना दिसत नसे. ते म्हणाले, "झालं ते वाईट झालं. पण पंचायतीनं नियमानं परवानगी दिलीय. शिमगा जवळ आलाय. कोळ्यांनी यंदा होळी वखारीजवळ न लावता दुसरीकडं लावावी, म्हणजे धोका नाही."

अंगणातून एक म्हातारा म्हणाला, "होळीची जागा हालत न्हाय, तात्या. आमच्या आज्यापंज्यापासनं तितंच हाय."

"मग वखारही कागदाप्रमाणंच आहे. मास्तर, यादी वाचा."

अण्णांनी फडकं सोडलं. वाचलं. "दोनशे पावलांच्या आत राहते घर एकही नाही."

मग साळूबाय पुढं आली, थेट पडवीच्या कडेला. "एकबी न्हाय? मंग आमी कोन हाव, तात्या? कुर्ल्या? वाळूत बिळं करून ऱ्हातो?"

हशा उसळला. पंचसुद्धा हसले. साळूबाय हसली नाही, म्हणून हशा लवकर विरला. तात्या चिडले. "खोपटं म्हणजे घर नव्हे. आणि असतं, तर पाहणीत आलं असतं. पुढं वाचा, मास्तर."

पुढं तीनच शब्द होते आणि त्याखाली सही. अण्णांनी कागद धरला होता, पण ते वाचत नव्हते. त्यांची मान खाली होती. मला दिसत होतं की ते वाचणार आहेत, कारण वाचणं हे त्यांचं काम होतं, आणि वाचलं की सगळ्या गावासमोर पुन्हा एकदा तेच खोटं त्यांच्या नावावर होणार होतं, या वेळी ताप नसताना. मी खिडकीतून निघाले, दाराला वळसा घालून पडवीत आले. मुली पडवीत येत नसत.

"ती यादी मी केली," मी म्हटलं. आवाज फार बारीक निघाला, म्हणून पुन्हा म्हटलं. "पाहणी मी केली. आषाढात. अण्णा तापात होते. खोपट्यांचे खड्डे मला दिसले होते, एकात माझा पाय गेला होता. मी लिहिले नाहीत."

"पोरी, आत जा," तात्या म्हणाले.

"तिला आत पाठवू नका," अण्णा म्हणाले. ते उठून उभे राहिले. चिटणीस सभेत बसूनच बोलत असे. "अक्षर तिचं आहे, कुणीही पाहावं. सही माझी आहे. पाहणी न करता मी 'समक्ष' लिहिलेल्या कागदावर सही केली. पोरीनं लिहिलं ते तिला मी शिकवलं तसं लिहिलं. आणि हा यांचा अर्ज. माझ्याकडं अकरा दिवस होता. मी दडवला. त्या अकरा दिवसांनंतर चंद्री भाजली." त्यांनी दोन्ही कागद पंचांपुढं ठेवले, पेटीची किल्ली त्यावर ठेवली आणि पडवी उतरून कोळ्यांमध्ये जाऊन उभे राहिले.

पंचांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर ताडून पाहिलं. शेवटी तोंड उघडलं हिराशेटनं. "घर छे के नथी, ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला. "पण माणूस जळला. मला खाजणापलीकडे मिठागराच्या टेकाडावर जागा द्या, माल उचलतो. तिकडे गाडी जात नाय, एवढीच अडचण."

"गाडी कशाला?" साळूबाय म्हणाली. "डोकी हायत."

डबे कोळणींनीच वाहिले. होळीच्या आधी चार दिवस, ओहोटीला, खाजणातून, म्हावऱ्याच्या पाटीसारखे डोक्यावर घेऊन, ओळीनं. मागाहून बाप्यांनी ती काळी वाळू टोपल्यांनी उपसून भरतीच्या पाण्यात टाकली. होळी तिच्या जागेवर लागली. चंद्रीला पाटावर बसवून आणलं होतं. आग चढली तेव्हा तिनं तोंड फिरवलं आणि आईच्या लुगड्यात घातलं. ढोल वाजत राहिले.

अण्णांची शाळा राहिली, चिटणीशी गेली. गावात बरेच दिवस म्हणत, "मास्तरांची सही पोरीच्या वहीत असते." अण्णा ऐकून घेत. मला ते कधी एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त मला काही लिहायला देईनासे झाले. ओटीवरची पेटी गेली होती, आणि घरची पत्रंसुद्धा ते स्वतःच्या किरट्या अक्षरात लिहू लागले. मी बेगमीची वही त्या वर्षी केली नाही. आईनंही विचारलं नाही. दुखणं कुठं आहे हे तिला कळत असे. चंद्रीचा पाय वैशाखात भरला, पण गुडघा पुरता वळेना. रेवदंड्याच्या मंडळींनी लग्न मोडलं नाही, लांबवलं. "पाय बघून घेऊ" असा निरोप आला होता. चंद्री म्हणाली, "त्यांना म्हनावं, मी डोक्यावर म्हावरं वाहते, पायावर न्हाय." पण हे तिनं भिंतीकडं तोंड करून म्हटलं.

गेल्या वर्षी आमच्या वसतिगृहात स्वयंपाकाला गॅस आला. टाक्या मागच्या खोलीत ठेवायचं ठरलं होतं. व्यवस्थापक नकाशा घेऊन आले. म्हणाले, ती खोली रिकामी असते. मी विचारलं, कुठल्या महिन्यात? परीक्षेच्या दिवसांत मुली तिथं अंथरूण टाकून अभ्यास करतात, हे त्यांच्या नकाशात नव्हतं. मग टाक्या कुंपणाजवळ गेल्या. मी हे बढाई म्हणून सांगत नाही. मला ते विचारायला कुणाच्या पायानं शिकवलं, ते सांगते.

गावात, त्या होळीनंतर, पुन्हा आषाढ आला. नवा चिटणीस, बाजारातला एक तरुण, घरपट्टीची वही घेऊन अण्णांकडं आला. पंचायतीनं घरांची नवी नोंद करायची ठरवली होती, आणि वाळूवरच्या खोपट्यांचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं. खोपटी तर आता नाहीत, मग लिहायची कशी? अण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी आत हाक मारली. "इंदू, वही घे. साळूबायला बरोबर घे."

पाऊस लागला होता. वाळू तशीच रिकामी होती, समुद्र तसाच मातकट. पत्र्याची वखार काढून टाकली होती. साळूबाय पुढं, मी मधे, आणि काठी टेकत मागं चंद्री. तिला कुणी बोलावलं नव्हतं. खड्डे पाण्यानं भरले होते. साळूबाय एकेका चौकोनात उभी राहून सांगू लागली. "हितं माझ्या दिराचं. हितं चूल असते. ह्ये दार, दर्याकडं. लिव." मी इरल्याखाली वही धरून लिहीत होते. नावं, माणसं, दार कुठल्या दिशेला. चंद्री थोडी बाजूला गेली आणि निखारा पडला होता त्या जागी थांबली. तिथं खड्डा नव्हता, खूण नव्हती, इतर वाळूसारखीच वाळू होती.

"इंदे," तिनं हाक मारली, "ही जागा कंच्या ओळीत लिवशील?"

घराच्या ओळीत ती बसत नव्हती. नावाच्या ओळीतही नाही. वहीत सगळ्यांत उजवीकडं शेऱ्याचा एक रकाना असतो, बहुधा रिकामाच राहतो. माझ्या बोटांना पाणी लागलं होतं, ते परकराला पुसून मी त्या रकान्यात, वरपासून खालपर्यंत पंधरा खोपट्यांना मिळून एकच ओळ लिहिली: "येथे आश्विनापासून वैशाखापर्यंत माणसे राहतात. पावसाळ्यात दिसत नाहीत."

संध्याकाळी अण्णांनी वही वाचली. साळूबायच्या अर्जाच्या त्या यादीसारखीच, दोनदा. मग टाक उचलून माझ्यापुढं धरला. "पाहणी तू केलीस," ते म्हणाले. "सही तुझी."